हात आखडून जगणारे झाड

गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक दुकानांत गादीमागच्या काचेच्या कपाटात देवाच्या तसबिरी असतात, एखाद्या मिलने दिवाळीला दिलेले घड्याळ असते आणि मधूनच, मालकाच्या कुटुंबाने नैनिताल किंवा मसुरीच्या सहलीतून पिशवीत घालून आणलेला, पाइनचा एखादा शंकू असतो. घरी कुणी त्याला फळ म्हणतात, कुणी लाकडी फूल. वर्षानुवर्षे तो तिथेच पडून असतो. धूळ झटकण्यापलीकडे त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

पाहिले तर एक गंमत दिसते. मे महिन्यात, नागपूरचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना, त्याच्या सगळ्या पाकळ्या ताठ उघडलेल्या असतात. जुलैत पावसाची झड लागली आणि हवा ओलसर झाली की त्या थोड्या आत वळतात. शंकू बादलीभर पाण्यात टाकला तर काही तासांत तो मुठीसारखा घट्ट मिटतो. बाहेर काढून वाळवला की पुन्हा उघडतो. झाडावरून पडून दहा वर्षे झालेली असोत, त्यात जिवंत पेशी एकही उरलेली नसो, हालचाल तशीच होते.

१९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ब्रिटनमधील संशोधकांनी या हालचालीचे कोडे सोडवले. शंकूच्या प्रत्येक पाकळीत दोन थर असतात. बाहेरच्या थरातील पेशींच्या भिंतींमध्ये सेल्युलोजचे धागे आडवे गुंडाळलेले असतात, त्यामुळे ओल मिळाली की तो थर लांबीने वाढतो. आतल्या थरातले धागे उभे असतात आणि तो जवळजवळ हलत नाही. एक बाजू वाढते, दुसरी अडून बसते, मग पाकळी आत वळणारच. पाइनच्या बहुतेक जातींच्या बीला पातळ पंख असतो आणि कोरड्या वाऱ्यात ते दूर जाते. पावसात सुटले तर बुडाशीच पडेल. म्हणून हवा कोरडी असेल तेव्हाच दार उघडायचे, अशी ही सोय. यातल्याच एका संशोधकाने, ज्युलियन व्हिन्सेंट यांनी, पुढे बाथ विद्यापीठ आणि लंडन कॉलेज ऑफ फॅशन यांच्या प्रकल्पात घामाने ओले झाले की उघडणारे आणि वाळले की मिटणारे कापड करायचा घाट घातला. २००४ मध्ये त्याची बातमी झाली. कापडाच्या बाजारात पडून असलेल्या शंकूच्या अंगी कापडाची एक कल्पना आहे, हे त्या दुकानात बहुधा कुणालाच माहीत नसते.

शंकूचा हा हिशेब पाइनच्या साऱ्या अंगात आहे. पाणी कधी सोडायचे, कधी धरून ठेवायचे, किती मोठी नळी ठेवायची, पान किती वर्षे वापरायचे, या सगळ्यांत हे झाड कमालीचे काटकसरी आहे. पाइनच्या शंभराहून अधिक जाती आहेत. स्कॉटलंड ते सैबेरिया, मेक्सिकोचे डोंगर, भूमध्य समुद्राचा काठ, आपला हिमालय, अशा उत्तर गोलार्धातल्या एकमेकांशी मुळीच न जुळणाऱ्या हवामानांत त्या पसरल्या. विषुववृत्ताच्या दक्षिणेला मात्र निसर्गतः एकच जात पोचली, तीही सुमात्रा बेटावर. एवढ्या पसाऱ्यात हत्यारे तीच आहेत. फक्त प्रत्येक ठिकाणी त्यांची धार वेगळी लावलेली.

ही हत्यारे समजून घ्यायला हिमालयात जायची गरज नाही. गांधीबागेतून सेंट्रल अव्हेन्यूने पूर्वेकडे निघाले की थोड्या वेळात लकडगंज येते, नागपूरचा जुना लाकूडबाजार. इथे ज्याला ‘सीपी टीक’ म्हणतात तो साग येतो, म्हणजे जुन्या मध्य प्रांताच्या जंगलातला, बल्लारशा-आलापल्लीकडचा. याच पट्ट्यातल्या सागाची दारे अयोध्येच्या राममंदिराला लागली. आणि अलीकडे फर्निचर, पेट्या, पॅलेट यांसाठी पिवळट, गाठींचे, हलके ‘पाइनवूड’ही मिळते, त्यातले बरेचसे परदेशातून आलेले.

दोन्ही लाकडांचे आडवे कापलेले टोक उन्हात धरून पाहावे. सागाच्या टोकाला वर्तुळावर्तुळाने बारीक छिद्रे दिसतात, साध्या डोळ्यांनी. या त्याच्या पाण्याच्या नळ्या. प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला, म्हणजे पाऊस सुरू होताना, त्या सगळ्यांत रुंद असतात. पाइनच्या टोकाला असे एकही छिद्र नाही. भिंग घेतले तर चाळणीच्या जाळीसारख्या अतिशय बारीक चौकोनी पेशी दिसतात आणि त्यांच्यात कुठे कुठे राळेच्या नळीचा ठिपका.

फरक साधा वाटतो, पण झाडाचे सारे आयुष्य त्यावर ठरते. नळीची रुंदी दुप्पट झाली की तीतून जाणारे पाणी सोळापट होते. त्यामुळे सागाची रुंद नळी म्हणजे महापालिकेची मोठी जलवाहिनी. पावसाळ्यात ती धबाधबा पाणी वर चढवते आणि हातभर लांबीची सुपासारखी पाने पोसते. पाइनच्या पेशी काही मिलिमीटर लांब आणि केसापेक्षाही बारीक. पाणी एका पेशीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत झिरपत जाते. वेग कमी, पण एक मोठा फायदा.

झाडात पाणी वर चढते ते खालून ढकलले जाते म्हणून नव्हे, तर पानातून वाफ होऊन वरून ओढले जाते म्हणून. दुष्काळात ही ओढ इतकी वाढते की पाण्याची दोरी तुटते आणि नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. बुडबुडा शिरलेली नळी निकामी. रुंद, लांब नळी निकामी झाली तर नुकसानही तेवढेच मोठे. पाइनच्या दोन पेशींमधल्या खिडकीत मात्र एक झडप असते: जाळीवर तोललेली छोटीशी चकती. एका बाजूला हवा शिरली की ती चकती खिडकीवर जाऊन बसते आणि बुडबुडा पुढच्या पेशीत जात नाही. नळाच्या वायसरचीच ही रचना. एक पेशी गेली तरी शेजारची लाखो चालू राहतात.

कडाक्याच्या थंडीतही हीच बारीक नळी कामी येते. पाणी गोठले की त्यात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते. बारीक पेशीतला बुडबुडा इतका लहान असतो की बर्फ वितळल्यावर तो पुन्हा पाण्यात विरून जातो. रुंद नळीतला तसाच राहतो. सैबेरियाच्या जंगलांत सूचिपर्णी झाडांचे राज्य का आहे, याचे बरेचसे उत्तर या मिलिमीटरच्या शतांश भागांत दडलेले आहे.

आता पान. पाइनची सुई तोडून पाहिली तर ती बहुधा एकटी नसते. जातीप्रमाणे दोन, तीन किंवा पाच सुयांचा जुडगा एकाच बुडातून निघालेला असतो. त्या एकमेकींना चिकटवून धरल्या तर गोल काडी होते, जणू एकच काडी उभी चिरली होती. सुईवर मेणाचा जाड थर, त्याखाली कडक पेशींची पट्टी आणि हवा-पाण्याची देवघेव करणारी पर्णरंध्रे खड्ड्यात बसवलेली, वरून मेणाच्या भुशाने झाकलेली. वारा त्यांना थेट लागत नाही, म्हणून वाफ हळू जाते. सागाचे पान वापरून फेकायचे. पाइनची सुई दोन, चार, काही जातींत तर तीस वर्षांहून अधिक टिकते. टिकाऊ वस्तू करायला वेळ आणि माल जास्त लागतो, तसे हे.

आणि स्वभाव? गांधीबागेतल्या भाषेत सांगायचे तर पाइन हा बाजारात मंदीची पहिली कुजबुज ऐकताच उधारी बंद करणारा व्यापारी आहे. माती सुकायला लागली की तो लवकर पर्णरंध्रे मिटतो. पाणी वाचते, नळ्या फुटत नाहीत. पण रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, म्हणजे कमाईही बंद. थोड्या दिवसांच्या मंदीला हे धोरण उत्तम. मंदी वर्षभर लांबली तर गल्ल्यातली रोकड संपते.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात २००२-०३ च्या दुष्काळात हे घडताना दिसले. तिथल्या कोरड्या पठारांवर पिन्यन पाइन आणि जुनिपर ही दोन झाडे शेजारी शेजारी वाढतात. जुनिपर रंध्रे उघडी ठेवून, जोखीम पत्करून, कोरड्या मातीतूनही पाणी ओढत राहतो. पिन्यनने नेहमीप्रमाणे हात आखडला. न्यू मेक्सिकोच्या काही भागांत दहातली नऊ पिन्यन वाळून गेली. बहुतेक जुनिपर उभे राहिले. पिन्यनचा शेवट साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी केला. राळ वाहवून भुंग्याला ढकलून देण्याची ताकद उपाशी झाडात उरली नव्हती. पाइनच्या काटकसरीचे कौतुक करताना तिची ही किंमतही लक्षात ठेवायला हवी. निसर्गातली कुठलीच युक्ती सदासर्वकाळ बरोबर नसते, आणि पाइन हे सर्वांत काटक झाड असते असे समजणाऱ्यांना तर हे आवर्जून सांगावे.

आपल्या देशात मूळचे पाइन थोडे, पण त्यांचा पट मोठा मजेशीर. हिमालयाच्या पायथ्यापासून वर चढत गेले की एकामागोमाग एक जाती भेटतात, आणि प्रत्येकीचा पाण्याशी वेगळा करार.

सर्वांत खाली चीड, संस्कृतातला ‘सरल’. साधारण पाचशे ते दोन हजार मीटर उंचीवर, उत्तराखंड-हिमाचलच्या उन्हाने तापलेल्या उतारांवर. वीस ते तीस सेंटिमीटर लांबीच्या सुया, तीनतीनच्या जुडग्यात. सदाहरित म्हणून गणले जाणारे हे झाड एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधीच्या कोरड्या दिवसांत, जुन्या सुयांचा ढीग खाली टाकते आणि त्याच सुमारास नव्या काढते. फार कोरड्या जागी तर काही काळ जवळजवळ निष्पर्ण दिसते. म्हणजे सागाची पानगळ आणि पाइनची सुई, दोन्ही धोरणांतले थोडे थोडे चीडने घेतले आहे. मोसमी पावसाच्या प्रदेशात राहायचे तर हे ओघाने आलेच.

या गळलेल्या सुयांना उत्तराखंडात ‘पिरूल’ म्हणतात. राळेने भरलेल्या, लवकर न कुजणाऱ्या. मे महिन्यात एक ठिणगी पुरते. चीडची जाड, चिरा पडलेली साल आतल्या जिवंत थराला झळ लागू देत नाही, त्यामुळे मोठे झाड वणव्यातून वाचते आणि खालचा पाला, गवत, इतर झाडांची रोपे जळून जातात. रान मोकळे झाले की चीडच्या रोपट्याला हवे तेवढे ऊन मिळते. आग हा त्याच्या जगण्याचाच भाग आहे.

इथे नागपूरकरांनी थोडे थांबायला हवे, कारण या आगीची एक जुनी, प्रसिद्ध नोंद रामटेकशी जोडलेली आहे. ‘मेघदूता’तला यक्ष रामगिरीवरून ढगाला निरोप सांगतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हे मत नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी हिरिरीने मांडले. हिमालयात पोचल्यावर काय करायचे हे सांगताना यक्ष एक सूचना देतो: वाऱ्याने सरल वृक्षांची खोडे एकमेकांवर घासून वणवा पेटला आणि ठिणग्यांनी चमरी गायींच्या शेपट्या पोळल्या, तर आपल्या धारांनी तो विझव. खोडे घासून आग लागते ही त्या काळची समजूत झाली. आज चीडच्या जंगलातले बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. पण सरल, वणवा आणि पावसाचा ढग हे त्रिकूट मात्र अचूक आहे. चीड पेटतो तो मोसमी पावसाच्या अगदी तोंडावर, आणि तो वणवा खरोखर विझवतो तो पहिला पाऊसच.

चीडच्या वर, साधारण अठराशे मीटरपासून पुढे, कैल सुरू होतो, निळसर झाक असलेला. ती झाक मेणाची. सुया पाचपाचच्या जुडग्यात, बारीक आणि खाली झुकलेल्या. पाऊस आणि बर्फ दोन्ही त्यांवरून घसरून जातात. कैलला चीडपेक्षा थंडी आणि ओल दोन्ही जास्त लागते, आणि आग मात्र तितकी सोसत नाही.

आणखी आत, हिमालयाची पहिली मोठी भिंत ओलांडली की किन्नौर लागतो. मोसमी ढग इथवर पोचेपर्यंत रिकामे झालेले असतात. पाण्याचा मुख्य स्रोत हिवाळ्यातला बर्फ. खडकाच्या भेगांत, बोडक्या उतारांवर इथे चिलगोजा उभा असतो. त्याची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खोडावर राखाडी-हिरव्या-पांढऱ्या नकाशासारखे डाग पडतात. सुया आखूड, कडक. आणि बी मात्र मोठे, लांबट, तेलाने गच्च भरलेले. इतवारीच्या किराणा ओळीत थंडीत सुकामेवा घ्यायला गेलेल्या माणसाने भाव ऐकून शंभर ग्रॅमवर भागवावे, तोच हा चिलगोजा.

बी एवढे मोठे का? चीडच्या बीला पंख आहे, ते उडते आणि पावसात रुजते. किन्नौरमध्ये उडून पडणाऱ्या हलक्या बीचा निभाव लागणे कठीण. बर्फ वितळल्याची ओल थोडेच दिवस टिकते. तेवढ्यात रोपट्याला मूळ खोल खडकात पोचवायचे असते, आणि त्यासाठी लागणारा शिधा आईनेच बीमध्ये बांधून दिलेला असतो. असे जड बी वारा नेत नाही, पक्षी नेतात, पुरून ठेवतात आणि काही विसरतात. अमेरिकेचा पिन्यन, भूमध्य काठचा छत्रीसारखा स्टोन पाइन, हेही असेच मोठ्या बीचे. आपण खातो तो झाडाने दुष्काळासाठी बांधलेला डबा आहे. अडचण अशी की किन्नौरमध्ये शंकू पिकण्याआधीच तोडले जातात, आणि जंगलात रुजायला बी उरत नाही. जुनी झाडे आहेत, पण त्यांच्या पायाशी पोरे नाहीत.

जुनी म्हणजे किती? २००७ मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या संशोधकांनी किन्नौरच्या चिलगोजांच्या वार्षिक वलयांतून हजार वर्षांहून लांब मालिका जुळवली. कोरड्या वर्षी वलय अरुंद, ओल्या वर्षी रुंद. झाड पाण्याच्या बाबतीत इतके काटेकोर असले की त्याचे खोड हीच जमाखर्चाची वही होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतही हिमालयातली सूचिपर्णी झाडे आणि महाराष्ट्रातला साग या दोन्हींची वलये वाचली गेली आहेत. दोन वह्या वेगवेगळ्या ऋतूंच्या. हिमालयातली झाडे बरेचदा उन्हाळ्याआधीच्या महिन्यांचे तापमान आणि ओल नोंदवतात, साग मोसमी पावसाची.

काटकसरीची परिसीमा कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये आहे. वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर पाणी, त्यातला मोठा वाटा बर्फाचा. तिथल्या ब्रिसलकोन पाइनमधल्या एका झाडाचे वय १९५७ मध्ये एडमंड शुलमन यांनी मोजले, आणि आज ते ४,८०० वर्षांच्या पुढे गेले आहे. सिंधू संस्कृतीची नगरे भरभराटीला यायच्या आधीचे रोप. अशा झाडाचे बरेचसे खोड वाळून गेलेले असते. सालीची एखादी अरुंद पट्टी जिवंत राहते आणि ती वरच्या मूठभर फांद्यांना पोसते. जेवढे पाणी, तेवढेच अंग जिवंत ठेवायचे.

चीडचा सर्वांत जवळचा नातेवाईक मात्र कुठे असावा? आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर, अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांवर. हजारो किलोमीटर अंतरावरच्या या दोन जाती भावंडे आहेत. दोघांच्या सुया लांब आणि तीनतीनच्या, दोघेही वणवा सोसणारे. कॅनरी पाइन जळून कोळसा झाल्यावर खोडातूनच हिरवी पालवी फोडतो. तिथे पाऊस थोडा, पण व्यापारी वाऱ्यांबरोबर डोंगरावर धुके चढते. लांब सुयांची फणी होते, धुक्यातले थेंब त्यावर जमतात आणि खाली टपकतात. झाडाखालची जमीन उघड्या जमिनीपेक्षा ओली असते. पावसावाचून पाणी मिळवण्याची ही तऱ्हा हिमालयातल्या भावाला शिकावीच लागली नाही.

एकाच जातीतही अशी जुळवाजुळव चालते. अमेरिकेचा पॉन्डेरोसा पाइन थंड डोंगरावरही वाढतो आणि वाळवंटाच्या काठावरही. वाळवंटाजवळची झाडे तेवढ्याच लाकडावर कमी सुया बाळगतात. म्हणजे एका सुईच्या वाट्याला अधिक नळ्या येतात. गिऱ्हाईक कमी, गोदाम मोठे.

मग विदर्भात पाइन का नाही? नुसता उकाडा हे उत्तर पुरेसे नाही. चीडच्या खालच्या पट्ट्यातही उन्हाळा काही सौम्य नसतो. खरी गोष्ट अशी की इथे पाइनला जागाच उरत नाही. नागपुरात वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पावसाळ्यात पाणी इतके मुबलक की रुंद नळ्या आणि मोठी पाने असलेले झाड त्यात भरमसाट कमाई करून घेते. पुढे दुकान बंद: साग पाने टाकतो आणि उन्हाळाभर बोडका उभा राहतो. पळस तर त्या बोडकेपणातच फुलतो. पाइनची सावकाश, बारमाही कमाई या झपाट्यापुढे टिकत नाही. शिवाय काळी माती. पावसाळ्यात ती चिखल होऊन हवा कोंडते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडून मुळे तोडते. पाइनला पाणी झटकन निचरून जाणारी, भुसभुशीत किंवा खडकाळ जमीन लागते. सुपीक, ओल्या, सोप्या जागेत रुंद पानांची झाडे त्याला सावलीत गाडून टाकतात. पाइन भेटतो तो बहुधा दुसऱ्यांनी सोडून दिलेल्या जागी.

तरीही तो इकडे आणायचा प्रयत्न झाला, आणि फार लांब नाही. गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या बस्तरमध्ये, जे संस्थान एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचे मांडलिक होते, १९७० च्या दशकात साल वृक्षांचे जंगल तोडून त्या जागी उष्ण प्रदेशातला कॅरिबियन पाइन लावायचा प्रकल्प जागतिक बँकेच्या मदतीने आखला गेला. कागदासाठी लगदा हवा होता. बस्तरच्या आदिवासींना साल हवा होता: त्याचे बी, राळ, पाने, सावली आणि देव. विरोध झाला आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकल्प गुंडाळला गेला. कॅरिबियन पाइन तिथल्या हवामानात कदाचित वाढलाही असता. पण झाड जगणे आणि जंगल जगणे यांतला फरक त्या कागदावरच्या आराखड्यात धरलेलाच नव्हता, असे आज म्हणावे लागते.

परक्या मातीत पाइन लावताना आणखी एक गोष्ट आडवी येते, ती डोळ्यांना दिसत नाही. पाइनच्या मुळांवर विशिष्ट बुरशींचे आवरण असते. बुरशीचे धागे मातीत दूरवर पसरून पाणी आणि स्फुरद आणून देतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. पोर्तो रिको बेटावर पाइनची लागवड पुन्हा पुन्हा फसत होती. रोपे पिवळी पडून खुरटत. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या पाइनच्या जंगलातली माती आणून रोपांच्या मुळाशी घातली, तेव्हा ती सुधारली. झाडाचे मूळ पुरेसे नव्हते, मुळाचे भागीदारही लागत होते.

मग नागपुरातल्या बंगल्यांसमोर उभे असतात ते काय? ज्याला सर्रास ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात, ते उंच, निमुळते, थरांथरांचे झाड पाइन नव्हे. ते अरौकारिया, मूळचे पॅसिफिक बेटांवरचे, पाइनचे दूरचे चुलत भावंड. त्यातल्या कुक पाइन नावाच्या जातीची एक सवय २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पाच खंडांतली झाडे मोजली तेव्हा ती सरासरी साडेआठ अंशांनी विषुववृत्ताकडे कललेली आढळली. नागपुरातली असतील तर त्यांचा कल दक्षिणेला, वर्ध्याच्या बाजूला, असायला हवा. आणि कोकणातल्या किनाऱ्यांवर वाऱ्यात घुमणारे सुरूचे बन, तेही पाइन नाही, सूचिपर्णीसुद्धा नाही. सुरूची ‘सुई’ खरे तर हिरवी काडी असते, सांध्यासांध्यांची. ओढली की सांध्यावर सुटते, आणि त्या सांध्यावरचे बारीक दात ही त्याची खरी पाने. पाणी वाचवायचे तर पान जवळपास टाकूनच द्यायचे, या निष्कर्षाला ते स्वतःच्या वाटेने पोचले.

एवढे सगळे सांगून झाल्यावर, नागपुरात पाइनसारखे काही कधीच नव्हते, असे म्हणायला तोंड उघडावे तर टाकळी आडवी येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर हे दोन स्कॉटिश मिशनरी नागपूरच्या परिसरात दगड गोळा करत हिंडत. हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय शहरात आजही आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळाच्या खडकात त्यांना टाकळीजवळ दगड झालेली फळे, बिया आणि शंकू मिळाले, आणि हे नमुने लंडनला गेले. १९३१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी त्या शंकूंचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातल्या एकाला त्यांनी ‘टाकलिओस्ट्रोबस’ असे गावाचे नाव दिले, तर आणखी एकाला पाइनच्या कुळातल्या शंकूंसाठी वापरतात त्या ‘पिटिओस्ट्रोबस’ या प्रजातीत बसवले. हे शंकू साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा भारत हे समुद्रातून उत्तरेकडे सरकणारे बेट होते आणि हिमालय अजून जन्मलाच नव्हता.

गादीमागच्या कपाटातला शंकू बोटभर धूळ खात असेल, तर येत्या पावसाळ्यात तो बाहेर काढावा. संध्याकाळी बादलीत टाकावा, सकाळी बाहेर काढून खिडकीत ठेवावा. पूर्ण उघडायला त्याला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मुलांना मोजू द्यावे.